तिकीट क्लोज केलं म्हणे!

आज सकाळी साडेदहाला टेम्पो भरून गेटवर उभा आणि इकडे सर्व्हर बंद, नेट बंद. टॅली उघडेना, ई-इनव्हॉइस निघेना, ई-वे बिल नाही. माल भोसरीतच.

आमचे कॉम्प्युटर आणि नेट सांभाळणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला फोन लावला. "सर, तिकीट रेझ करा ना, मेलवरून." तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. अहो, नेट बंद आहे हेच तर सांगतोय! "हो सर, पण प्रोसेस आहे सर." या सर-सरचं मला आताशा पित्तच होतं. मोबाइलवरून मेल टाकली. दोन मिनिटांत उत्तर, तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. मग शुकशुकाट. ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी केबिनमध्ये डोकावणार, "शेठ, हॉल्टिंग लागंल हां." आणि दीड वाजता मेल: ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही, सबब तिकीट क्लोज. फोन कुठे केला? ऑफिसच्या नंबरवर. जो नेटवर चालतो. जो यांनीच माझ्या गळ्यात मारलाय! खाली पाच चांदण्या, रेटिंग द्या म्हणे.

सहा महिन्यांत चार इंजिनिअर बदलले, प्रत्येकाला पासवर्ड मीच सांगायचे. प्रिंटर एएमसीत, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारात, बसत नाही. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, तर दुसऱ्याच दिवशी तीन नव्या मशिनचं कोटेशन न मागता हजर! तेव्हा नाही लागलं तिकीट.

4 तासांत रिस्पॉन्स लिहिलाय ना, दाखवतोच यांना, म्हणून कराराची फाइल काढली. लिहिलाय. रिस्पॉन्स. दुरुस्ती किती वेळात, ते चौदा पानांत कुठेच नाही. म्हणजे ती दोन मिनिटांतली मेल हाच यांचा रिस्पॉन्स! खाली सही माझीच, चांगली झोकदार. 20 मायक्रॉन इकडेतिकडे झाले की अख्खा लॉट परत पाठवणारा मी, चौदा पानं वाचायला मला वेळ नव्हता.

आधी स्कूटरवरून येणारा एक पोरगा होता. अर्ध्या तासात हजर, तोंडात टॉर्च धरून टेबलाखाली शिरायचा. वर्षाला सहा हजार वाढवून मागितले म्हणून त्याला नारळ दिला. नंबर अजून आहे. दुपारपासून तीनदा काढला, पण कुठल्या तोंडाने लावू?

टेम्पो गेटवरच आहे. उद्या गुरुवार, एमआयडीसी बंद.