'ब्राँझवाली' म्हणू नका तिला

परवा धावण्याच्या गप्पांमध्ये मर्लीन ऑटीचं नाव निघालं आणि कुणीतरी पटकन म्हणालं, "ती ब्राँझवाली ना? गोल्ड कधी जमलं नाही तिला." तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून लिहितेय.

जमैकाच्या मर्लीनला पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं ते १९८० ला मॉस्कोत, २०० मीटरमध्ये. वय २०. शेवटचं सिडनीत, २००० साली, तेव्हा ती ४० वर्षांची होती. एकूण नऊ पदकं, तीन रौप्य आणि सहा ब्राँझ. स्प्रिंटमध्ये वीस वर्षं! मॅरेथॉनमध्ये वय थोडंफार चालून जातं. शंभर मीटरमध्ये स्नायू जरा मंदावला की संपलं, तिथे अनुभव कामाला येत नाही.

आणि सोनं हुकलं ते किती फरकाने? १९९३ ला स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरमध्ये ती आणि अमेरिकेची गेल डेव्हर्स, दोघींचं टायमिंग १०.८२ सेकंद. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये पुन्हा त्याच दोघी, पुन्हा एकच वेळ, १०.९४. दोन्ही वेळा फोटो फिनिश, दोन्ही वेळा सोनं डेव्हर्सला. नियम असा की डोकं, हात, पाय मोजायचे नाहीत, रेषेवर धड आधी कुणाचं पोहोचलं ते बघायचं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये आपली उषा शतांश सेकंदाने चौथी आली, ते आपण अजून हळहळून सांगतो. त्याच ऑलिंपिकमध्ये ऑटीने दोन ब्राँझ घेतली होती. उषाच्या चौथ्या नंबरला आपण हार म्हणत नाही. मग हिच्या दुसऱ्या नंबरला का म्हणायचं?

स्टुटगार्टला १०० मीटर हरल्यावर काही दिवसांतच तिने २०० मीटरचं विश्वविजेतेपद घेतलं. मला मात्र जास्त आठवते १९९७ च्या अथेन्स जागतिक स्पर्धेतली १०० मीटरची फायनल. फॉल्स स्टार्ट झाला, परत बोलावणारी गोळी तिला ऐकूच आली नाही आणि ती एकटीच अर्ध्याहून जास्त ट्रॅक जीव तोडून धावली. पुन्हा शर्यत झाली तेव्हा पायांत काय उरणार? सातवी आली. आणि त्याच स्पर्धेत, वयाच्या ३७ व्या वर्षी, २०० मीटरचं ब्राँझ नेलं.

मी स्वतः जिल्हा पातळीपर्यंत २०० मीटर धावले. चुन्याच्या लेन, सरांच्या हातातलं स्टॉपवॉच. एकविसाव्या वर्षी घरी "आता बास झालं की, अजून किती पळणार?" सुरू झालं आणि मी स्पाइक्स माळ्यावर टाकले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण तो प्रश्न रोज कानावर पडला की तो आपल्याच आवाजात ऐकू यायला लागतो. ऑटीला तो प्रश्न साऱ्या जगाने विचारला, आणि ती धावत राहिली. मला तिचं मोठेपण तिथे दिसतं.

सिडनीबद्दल मात्र मी अनेक वर्षं तिच्या बाजूने नव्हते. १९९९ ला नँड्रोलोन या बंदी असलेल्या औषधाच्या चाचणीत ती अडकली, २००० मध्ये बंदी उठली. मग देशाच्या निवड चाचणीत चौथी येऊनही तिला १०० मीटरमध्ये घेतलं आणि पात्र ठरलेली एक तरुण मुलगी बाहेर बसली. क्रीडाग्रामात जमैकाच्याच खेळाडूंनी निदर्शनं केली. त्या मुलीवर अन्याय झाला, हे मी आजही म्हणेन. ऑटी शर्यतीत चौथी आली, तिसरीपेक्षा शतांश सेकंदाने मागे. पुढे त्या शर्यतीत पहिली आलेल्या मॅरियन जोन्सचं पदक डोपिंगमुळे काढून घेतलं गेलं आणि २००९ ला ते ब्राँझ ऑटीच्या नावावर चढलं. जागा कशी मिळाली यावर वाद घाला, पण चाळिशीत ११.१९ कुणी निवड समिती पळून देत नाही.

त्यानंतर तिने देश बदलला, स्लोव्हेनियाची नागरिक झाली आणि २००४ ला अथेन्समध्ये सातवं ऑलिंपिक धावली. २०१२ ला हेलसिंकीच्या युरोपियन स्पर्धेत स्लोव्हेनियाच्या रिले टीममध्ये शेवटचा टप्पा तिचा होता. टीम फायनलला पोहोचली नाही. बॅटन घेऊन ती धावली तेव्हा वय ५२ होतं.