शटर काउंट 50 हजार झाला म्हणजे कॅमेरा भंगारात? अजिबात नाही

जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी सावधगिरीची सूचना म्हणून एक मेसेज सध्या फिरतोय, मला एकट्याला चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की शटर काउंट (फोटो टिपणाऱ्या सेन्सरसमोरचा पडदा, म्हणजे शटर, आजवर किती वेळा उघडला तो आकडा) म्हणजे गाडीचं किलोमीटर मीटर, 50 हजारांच्या वर असेल तर बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला, हात लावू नका, कंपनीने शटरसाठी दिलेला क्लिकचा आकडा संपला की कॅमेरा बंद पडतो, काउंट कमी म्हणजे कॅमेरा नव्यासारखा, आणि विकणाऱ्याकडून कुठलाही एक फोटो मागवून काउंट दाखवणाऱ्या साइटवर टाका, आकडा दिसला नाही तर माणूस लबाड समजा. मी गेली अकरा वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, मागच्या महिन्यात माझा निकॉन डी 750 विकायला काढला, काउंट 1,12,000 च्या थोडा वर, तर तीन गिऱ्हाइकं हा मेसेज वाचून फोनवरच परत गेली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते 50 हजार. सगळ्या कॅमेऱ्यांना एकच आकडा लागूच होत नाही हो. कॅनन 6डी चं शटर 1 लाखाचं, निकॉन डी 750 आणि कॅनन 5डी मार्क थ्री 1,50,000 चे, डी 850 दोन लाखांचा, कॅननचा 1डी एक्स चार लाखांचा. म्हणजे 50 हजार हे एकाचं निम्मं आयुष्य आणि दुसऱ्याचा आठवा भाग. आणि निकॉन झेड 9, झेड 8 मध्ये तर मेकॅनिकल, म्हणजे हलणाऱ्या पडद्याचं, शटरच नाही, तिथे झिजणार काय?

दुसरं, आकडा संपला की बंद पडतो. ही काही गोळ्यांच्या पाकिटावरची एक्सपायरी नाही. त्या मॉडेलच्या शटरची तितक्या क्लिकपर्यंत कंपनीने टेस्ट घेतलीय, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं शटर त्याच्या आधी जाऊ शकतं, नंतरही कितीतरी चालू शकतं. याच डी 750 चं बघा, 2015 मध्ये निकॉनने स्वतः जाहीर केलं की ऑक्टोबर-नोव्हेंबर 2014 मध्ये बनलेल्या काही बॉडींचं शटर नीट चालत नाही, फोटोचा काही भाग काळवंडतो, आणि ती फुकट दुरुस्त करून दिली, पुढे ती यादी आणखी वाढवली. त्या बॉडी जेमतेम वर्षभराच्या होत्या, काउंट बघून कुणाला काय कळलं असतं? शिवाय शटर हा बदलता येणारा पार्ट आहे. यात एक गोम आहे, आकडा शटरमध्ये नसतो, मेन बोर्डवर असतो. त्यामुळे नवं शटर टाकूनही जुनाच काउंट दिसू शकतो आणि बोर्ड बदलला तर जुनं शटर असूनही आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून सर्व्हिसचं बिल जपून ठेवा, विकताना ते आकड्याइतकंच कामाला येतं.

आता तिसरा मुद्दा, ज्याने लोकांचे खरे पैसे बुडतात. कमी काउंट म्हणजे नवा. माझ्या एका मित्राने 9 हजार काउंट बघून हौसेने एक मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी घेतली, घासाघीससुद्धा केली नाही. घरी आणल्यावर एचडीएमआयची केबल लावली तर पोर्ट हलतोय, केबलला जरा धक्का लागला की मॉनिटरवरचं चित्र जातंय, आणि लेन्सला कॅप लावून 30 सेकंदांचं एक्सपोजर घेतलं तर काळ्या फ्रेमवर लाल-निळे ठिपके. ती बॉडी दोन सीझन लग्नाच्या व्हिडिओवर राबलेली होती, हळदीपासून पाठवणीपर्यंत, जिंबलवर (कॅमेरा स्थिर ठेवणारा स्टँड) आणि मॉनिटर लावून. तासन् तास व्हिडिओ काढला तरी शटरचा आकडा जवळपास तिथेच राहतो. गाडीच्या मीटरची उपमा इथेच मोडते, गाडी कुणीही कुठेही चालवली तरी किलोमीटर पडतातच. आणि आपल्याकडचा पावसाळा कुठे मोजला जातो? कोकणातल्या कपाटात, कापडी बॅगेत, सिलिका जेलशिवाय चार पावसाळे पडून राहिलेला 3 हजार काउंटचा कॅमेरा मी हातात घेतलाय, ग्रिपचं रबर चिकट होऊन सुटलेलं आणि सेन्सरच्या काचेवर बुरशीची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. त्यापेक्षा रोज वापरातला, दर वर्षी साफ केलेला 90 हजारवाला मी डोळे झाकून घेईन.

चौथं, कुठलाही फोटो साइटवर टाका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याची एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेरा फाइलमध्ये लिहितो ती नोंद, उडते, लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट केलेल्या जेपेगमध्येही काउंटचा भाग राहत नाही. मग आकडा येणार कुठून, आणि यात विकणारा लबाड कसा झाला? कार्डवरची न छेडलेली फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. निकॉनच्या फाइलमध्ये काउंट असतो, कॅननचे बरेच मॉडेल तो फोटोत लिहीतच नाहीत, कॅमेरा यूएसबीने जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. फाइलच्या नावातला नंबर म्हणजे काउंट नव्हे, तो 9999 नंतर पुन्हा 0001 होतो. निकॉनच्या मिररलेसमध्ये तर दोन आकडे निघू शकतात, एकूण फ्रेम वेगळ्या आणि मेकॅनिकल शटरच्या वेगळ्या, सायलेंट मोडवर (पडदा न हलवता) काढलेले फोटो फक्त पहिल्यात जातात. साइट पहिला दाखवते आणि समोरचा घाबरतो, पण एक्झिफटूल या एक्झिफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडलं की दोन्ही दिसतात. निकॉनच्या त्याच फाइलमध्ये बॉडीचा सिरियल नंबरही असतो, तो बॉडीवर छापलेल्या नंबरशी जुळवा, म्हणजे दुसऱ्याच कॅमेऱ्याचा फोटो पाठवलाय का तेही कळतं.

माझ्या डी 750 साठी शेवटी साताऱ्याचा एक मुलगा आला. काउंट त्याने विचारला, मी सांगितला, मग त्याने अंगणात पांढऱ्या भिंतीवर 1/4000 सेकंदाला वीसेक फोटो धडाधड काढले आणि प्रत्येक फ्रेमच्या वरच्या-खालच्या कडेला काळसर पट्टा येतोय का ते मोठं करून बघितलं, शटरचा पडदा मागे पडत असेल तर तो तिथे दिसतो. मग लेन्सचं छिद्र एफ 16 इतकं लहान करून सेन्सरवरची धूळ बघितली, दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून बघितलं, वरच्या हॉटशूला (फ्लॅश बसवायची जागा) फ्लॅश लावला. वीस मिनिटांत व्यवहार झाला, मी सांगितलेल्या किमतीला हजार रुपये कमी. माझ्या जाहिरातीत ही ओळ होती, हवी तर तुम्ही उचला: "काउंट 1,12,460, आजच्या तारखेची मूळ जेपेग पाठवतो, फोटोसाठीच वापर, व्हिडिओ जवळपास नाही, सेन्सर दर वर्षी साफ, ग्रिपचं रबर एकदा बदललंय, बिलं आहेत, येऊन तपासून घ्या."