प्रीमियम शून्य आहे म्हणून प्लॅन घेऊ नका

ही पोस्ट अमेरिकेत राहणाऱ्या पासष्टीपुढच्या मराठी माणसांसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुला-सुनांसाठी, लेकी-जावयांसाठी. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. त्यातल्या औषध विम्याचा, म्हणजे पार्ट डीचा, २०२६ सालचा प्लॅन निवडायची मुदत ७ डिसेंबर २०२५ला संपते. १५ ऑक्टोबरपासून ती चालू आहे आणि अजून कितीतरी घरांत हा विषयच निघालेला नाही.

मी न्यू जर्सीत फार्मसीच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढली आहेत. जानेवारीचे पहिले दिवस तिथे फार वाईट असतात. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं असतं, प्लॅनची औषधांची यादी बदललेली असते, आणि डिसेंबरात ज्या बाटलीला थोडेच पैसे पडले होते तिचा आकडा ऐकून समोरच्या आजी गप्प होतात. मग म्हणतात, "राहू दे गं, पुढच्या आठवड्यात नेते." पुढच्या आठवड्यात त्या येत नाहीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी असो की साखरेची, ती काउंटरवर सोडून जाणारा माणूस पाहिला की मला अजूनही पोटात तुटतं. आणि बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं, नोव्हेंबरात कोणीतरी त्यांच्याशेजारी तासभर बसलं असतं तर.

आपण आई-बाबांचा टॅक्स भरतो, फोन सेट करून देतो, एअरपोर्टवर व्हीलचेअर बुक करतो. औषधांचा विमा मात्र "त्यांचं ते बघतात". पंच्याहत्तरीच्या माणसाने एकट्याने डझनभर खासगी कंपन्यांचे प्लॅन तुलना करून निवडावेत, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. कायदाच तसा केला आहे. २००३ साली जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केलेल्या कायद्याने पार्ट डी आला, २००६च्या जानेवारीत सुरू झाला, आणि तो चालवायचं काम खासगी कंपन्यांकडे गेलं. पैसा बराचसा सरकारचा, नियम सरकारचे, पण यादी, दर आणि दुकानं प्रत्येक कंपनीची वेगळी. हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण ते बदलेपर्यंत हा भार घरातल्या तरुण माणसांनी उचलायला हवा.

आता मुद्द्याचं. आपली माणसं प्लॅन बघतात तेव्हा सगळ्यात आधी प्रीमियम विचारतात. शून्य डॉलर दिसलं की विषय संपला. प्रीमियम हा वर्षाच्या खर्चाचा एक तुकडा आहे, आणि पुष्कळदा लहान तुकडा. २०२६ साली डिडक्टिबल ६१५ डॉलरपर्यंत असू शकतं. त्यानंतर प्रत्येक औषध कुठल्या टियरमध्ये, म्हणजे दराच्या कुठल्या पायरीवर टाकलं आहे, त्यावर तुमचा वाटा ठरतो. तीच गोळी एका प्लॅनमध्ये दुसऱ्या टियरला आणि दुसऱ्या प्लॅनमध्ये चौथ्या टियरला असते. काही ठिकाणी आधी प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे कंपनीची आगाऊ मंजुरी लागते, काही ठिकाणी आधी स्वस्तातलं औषध घेऊन बघा, त्याने भागलं नाही तरच हे मिळेल, असा स्टेप थेरपीचा नियम असतो. शिवाय दुकान. तुमच्या घराजवळचं दुकान त्या प्लॅनचं 'प्रिफर्ड' नसेल तर त्याच बाटलीला जास्त पैसे.

म्हणून सुरुवात प्रीमियमपासून नाही, औषधांपासून करायची. सगळ्या बाटल्या टेबलावर आणा. नाव, मिलिग्रॅम, दिवसाला किती, हे बाटलीवरून बघून लिहा, आठवणीवर जाऊ नका. मेडिकेअरच्या सरकारी वेबसाइटवर प्लॅन फाइंडर आहे, त्यात ही यादी आणि जवळची दुकानं टाका. प्रीमियम आणि औषधं मिळून वर्षाचा अंदाजे खर्च तो स्वतः काढून देतो. त्या आकड्याने लावलेली यादी बघा. सासूबाईंचं मी दर वर्षी असंच करते. एका वर्षी चांगला निघालेला प्लॅन पुढच्या वर्षीही चांगला असेलच असं नाही. सप्टेंबरअखेर कंपनीकडून पुढच्या वर्षीच्या बदलांचं एक जाडजूड पत्र येतं. जाहिरातींच्या ढिगाबरोबर ते कचऱ्यात जातं. कृपया ते टाकू नका.

एक मोठी दिलासा देणारी गोष्ट गेल्या काही वर्षांत घडली आहे. २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने पार्ट डीमध्ये औषधांसाठी खिशातून जाणाऱ्या पैशांवर वरची मर्यादा आणली. २०२५ साली ती २,००० डॉलर होती, २०२६ साली २,१०० आहे. त्यापुढे वर्षभर यादीतल्या औषधांना शून्य. कॅन्सरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय, हे ज्याने त्या बिलांचे आकडे पाहिलेत त्यालाच कळेल. पण ही मर्यादा नीट समजून घ्या. प्रीमियम त्यात धरत नाहीत. प्लॅनच्या यादीत नसलेलं औषध स्वतःच्या पैशाने घेतलं तर तेही धरत नाहीत. डिस्काउंट कूपनवर विमा बाजूला ठेवून घेतलेलं औषधही सहसा मोजलं जात नाही. भारतातून बॅगेत आणलेल्या गोळ्यांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे औषध यादीत असणं हीच पहिली अट. ते नसेल तर डॉक्टरांकरवी अपवादासाठी अर्ज करता येतो. डॉक्टरांचं समर्थनाचं पत्र पोचल्यावर कंपनीने ७२ तासांत उत्तर द्यायचं असतं, तातडीचं असेल तर २४ तासांत.

ज्यांचा खर्च जानेवारी-फेब्रुवारीतच एकदम येतो, त्यांना तो महिन्यांत वाटून बिनव्याजी भरता येतो. त्यासाठी प्लॅनला आधी कळवावं लागतं.

त्याच २०२२च्या कायद्याने इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा घातली, आणि मेडिकेअरला औषध कंपन्यांशी थेट घासाघीस करायची मुभा दिली. २००३च्या कायद्याने ती सरकारला नाकारली होती, आणि माझ्या मते ती त्या कायद्यातली सगळ्यात अन्यायाची ओळ होती. पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले दर १ जानेवारी २०२६पासून लागू होतायत. मधुमेहाच्या जानुव्हियाची महिन्याची मूळ छापील किंमत ५२७ डॉलर होती, ठरलेला दर ११३. मधुमेहाचंच जार्डियन्स ५७३वरून १९७. रक्त पातळ ठेवणारं एलिक्विस ५२१वरून २३१. आपल्या घरांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार किती आहे ते तुम्ही जाणता. ही औषधं प्रत्येक पार्ट डी प्लॅनला यादीत ठेवावीच लागतील, पण तुमचा वाटा प्लॅनगणिक वेगळा असेल. त्यामुळे या वर्षी तरी पुन्हा तुलना करायलाच हवी.

आता ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. ६५ पूर्ण आणि अमेरिकेत सलग पाच वर्षं कायदेशीर कायम वास्तव्य झालं, की इथे कधी नोकरी केली नसली तरी पार्ट बी, म्हणजे मुख्यतः डॉक्टरांच्या खर्चाचा विमा, विकत घेता येतो, आणि त्याच्या आधारावर पार्ट डी. तिथे बरेच जण म्हणतात, "बाबांना एकच तर गोळी आहे, आणि ती आम्ही पुण्याहून आणतो." विम्याशिवाय गेलेला प्रत्येक महिना दंडात मोजला जातो. नाव नोंदवायची पहिली मुदत संपल्यावर सलग ६३ दिवस किंवा जास्त काळ मान्य औषध विमा नसेल, तर दर महिन्यामागे राष्ट्रीय मूळ प्रीमियमच्या एक टक्का. २०२६ साठी तो प्रीमियम ३८.९९ डॉलर आहे. तीन वर्षं थांबलात तर महिन्याला साधारण १४ डॉलर जास्त, आणि तेही पार्ट डी असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ जन्मभर. कोणाला नोकरीतून औषध विमा असेल तर तो मेडिकेअरच्या तोडीचा आहे असं सांगणारं पत्र दर वर्षी येतं, ते जपून ठेवा.

आणि आता ज्यावर मला सगळ्यात कळकळीने बोलायचं आहे ते. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी 'एक्स्ट्रा हेल्प' ही पार्ट डीच्या खर्चातली सरकारी मदत आहे. २०२५च्या निकषांप्रमाणे एकट्याला वर्षाला २३,४७५ डॉलरच्या आत, जोडप्याला ३१,७२५च्या आत. अर्ज सोशल सिक्युरिटीकडे. मिळाली तर २०२६ साली जेनेरिकला जास्तीत जास्त ५.१० डॉलर आणि ब्रँडला १२.६५. दंडही माफ. राहतं घर आणि गाडी यात मोजत नाहीत. मात्र बचत मोजतात, आणि भारतातल्या एफडी किंवा गावाकडचा रिकामा फ्लॅट हेही मालमत्तेत येतात, ते लपवू नका.

त्यात बसत नसाल आणि न्यू जर्सीत असाल, तर राज्याची 'पाड' (PAAD) योजना बघा, ज्येष्ठ आणि अपंगांना औषधखर्चात मदत करणारी. तिची उत्पन्नाची मर्यादा बरीच वर आहे, २०२५ साली एकट्याला ५३,४४६ आणि जोडप्याला ६०,६९० डॉलर. मालमत्ता बघत नाहीत. जेनेरिकला ५ डॉलर, ब्रँडला ७. अनेक निवृत्त मराठी जोडपी यात बसतात आणि अर्ज करत नाहीत. "सरकारकडे हात नाही पसरायचा," असं मी इतक्या वेळा ऐकलं आहे. काका, काकू, तुम्ही इथे वर्षानुवर्षं कर भरलेत. ही योजना तुमच्यासाठीच आहे. स्वाभिमानापायी रक्तदाबाची गोळी अर्धी करून घेणं मला बघवत नाही. ग्रीन कार्डवर असलेल्यांनी कुठलीही मदत घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्यावं.

सल्ला कोणाकडून घ्यायचा, तर आधी 'शिप'कडून. प्रत्येक राज्यात ही मोफत समुपदेशन सेवा आहे, आणि तिचे समुपदेशक काहीही विकत नाहीत. दिवाळीच्या कार्यक्रमात स्टॉल लावणारे एजंट चांगलेही असतात, पण त्यांना कमिशन मिळतं आणि ते सगळ्या कंपन्यांचे प्लॅन दाखवतीलच असं नाही. आणखी एक सावधगिरी: मेडिकेअर ॲडव्हान्टेजचा, म्हणजे खासगी कंपनीमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअरचा, एचएमओ किंवा पीपीओ प्रकारचा प्लॅन असलेल्याने वेगळा पार्ट डी प्लॅन घेतला, तर तो ॲडव्हान्टेजमधून बाहेर काढला जातो. ही गोष्ट फोनवर कोणी सांगत नाही.

आपल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात एक शनिवार यासाठी ठेवा, शिपच्या माणसाला बोलवा, चार तरुण मुलं लॅपटॉप घेऊन बसवा. या वर्षी तेवढा वेळ उरलेला नाही. त्यामुळे एडिसन-इझलिनच्या आसपास ज्यांच्याशेजारी बसायला कोणी नाही, त्यांनी मला मेसेंजरवर लिहा. औषधांची यादी आणि मेडिकेअरचं कार्ड जवळ ठेवा, पण कार्डचा नंबर मेसेजमध्ये पाठवू नका, मलाही नाही. शनिवार-रविवार मी मोकळी आहे.