पऱ्हाटीच्या वावरातला उजेड

चांगल्या फोटोसाठी लांब जायची गरज नसते, नजर लागते, हे तुमच्या फोटोग्राफीवरच्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. आमच्या विदर्भात फोटो म्हटलं की सगळे ताडोबाच्या वाघाकडे धावतात. पण कापूस वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात उभं राहून बघा. दुपारी कापूस नुसता पांढरा दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र फुटलेल्या बोंडाचा धागान् धागा सुटा दिसतो, वाळलेल्या टरफलाची टोकंसुद्धा. आणि हो, कॅमेरा सगळ्याचा उजेड मध्यम करड्यावर आणू पाहतो, म्हणून फ्रेमभर कापूस असला की तो मळकट येतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, थोडं वाढवा. काळी मातीच जास्त असेल तर कमी करा. हे बहुतेक मोबाइलमध्येही जमतं. गावच्या शाळेतल्या पोरांसाठी यावर एक लेख जरूर लिहा.