किंग स्ट्रीटवरचे ज्योतिषी

ऑगस्टमध्ये टोरोंटो चित्रपट महोत्सवाची यादी जाहीर झाली की इथले मुरलेले लोक सिनेमाचं नाव नंतर वाचतात, आधी त्याच्या खालची बारीक ओळ बघतात. ‘उत्तर अमेरिकेतला पहिला खेळ’ असं असेल, तर सिनेमा बहुधा व्हेनिसच्या महोत्सवातून थेट इकडे येतोय. ‘कॅनडातला पहिला खेळ’ असेल, तर त्याआधी तो अमेरिकेत कुठेतरी दाखवला जाणार आहे, आणि हे कुठेतरी म्हणजे बहुतेक वेळा कोलोरॅडोच्या डोंगरातला टेल्युराइडचा महोत्सव. टेल्युराइडवाले आपली यादी अगदी शेवटपर्यंत गुपित ठेवतात. टोरोंटोच्या त्या एका ओळीमुळे ते गुपित कधीच फुटलेलं असतं. मग तर्क सुरू होतात. दोन्हीकडे जाणाऱ्या सिनेमाच्या मागे खर्च करणारा वितरक आहे, म्हणजे मार्चमधल्या ऑस्करसाठी त्याला उभा केला जातोय, म्हणजे जानेवारीत नामांकन पक्कं. सिनेमा अजून बाहेरच्या कोणीही पाहिलेला नसतो.

या लोकांना मी ज्योतिषी म्हणते. पत्रिका बघून लग्न जुळवणाऱ्यांइतकाच आत्मविश्वास, आणि चुकल्यावर तितकीच सफाई. पुरस्कारांची भाकितं करणाऱ्या गोल्ड डर्बीसारख्या वेबसाइटवर हे भाकीत अगदी टक्क्यांत मांडलेलं असतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात महोत्सवाचा मुख्य रस्ता, किंग स्ट्रीट, गाड्यांना बंद होतो, ट्राम दुसऱ्या रस्त्याने वळवतात, आणि त्या रिकाम्या रस्त्यावर रांगेत उभे असलेले अनोळखी लोक एकमेकांना ‘कसा वाटला?’ असं विचारत नाहीत. ‘येणार का?’ असं विचारतात. ऑस्करच्या यादीत, म्हणजे.

त्यांचं भाकीत खरंही ठरतं, हे मान्य करायला हवं. टोरोंटोत परीक्षकांच्या पारितोषिकांपेक्षा प्रेक्षकांच्या पसंतीच्या पुरस्काराला वजन आहे. पूर्वी लोक तिकिटाचा तुकडा पेटीत टाकून मत द्यायचे, आता ते ऑनलाइन देतात. २०१२च्या ‘सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक’पासून २०२३च्या ‘अमेरिकन फिक्शन’पर्यंत हा पुरस्कार मिळवणाऱ्या प्रत्येक सिनेमाला ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळालं. त्यातले ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’, ‘ग्रीन बुक’ आणि ‘नोमॅडलँड’ तर जिंकलेही. ही साखळी २०२४ मध्ये तुटली. त्या वर्षी पसंती मिळालेल्या ‘द लाइफ ऑफ चक’ला महोत्सवात आला तेव्हा अमेरिकन वितरकच नव्हता. तो नंतर मिळाला आणि सिनेमा लागला पुढच्या उन्हाळ्यात. प्रेक्षकांची आवड तीच, टाळ्या त्याच. मधे उभा राहणारा माणूस तेवढा नव्हता.

भाकीत खरं ठरण्याचं एक कारण म्हणजे ते भाकीत मतदारही वाचतात. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार आता दहा हजारांच्या घरात आहेत, आणि दरवर्षी पात्र ठरणारे सिनेमे शेकड्यांनी असतात. कोणताही माणूस एवढं पाहू शकत नाही. तो आधी तेच पाहतो ज्यांची नावं सप्टेंबरपासून कानावर पडताहेत. २००९च्या सिनेमांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या जागा पाचावरून दहा झाल्या, मधली काही वर्षं हा आकडा खालीवर होत राहिला आणि २०२१च्या सिनेमांपासून दहावर स्थिरावला. दहा जागांपैकी सहा-सात सप्टेंबरमध्येच सांगता आल्या तर त्यात सगळी दूरदृष्टीच असते असं नाही. काही अंशी ती आज्ञाही असते.

नेमक्या याच आठवड्यांत भारतातून फोनवर वेगळा प्रश्न येतो. आमच्या घरच्या ग्रुपवर सांगलीचा दादा विचारतो, “यंदा आपला कुठला पाठवणार?” सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटासाठी प्रत्येक देशाने एकच सिनेमा पाठवायचा असतो, आणि भारतात ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती करते. नाव जाहीर झालं की दोन दिवस आनंद, मग ‘दुसरा पाठवायला हवा होता’ हे भांडण, आणि जानेवारीत ‘त्यांना आपलं कळतच नाही’ हा निकाल. आजवर भारताला या विभागात तीनदाच नामांकन मिळालं: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि २००१चा आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’.

२०२४चं भांडण सगळ्यात मोठं, आणि ते मला इथून फार विचित्र दिसलं. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला मे महिन्यात कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं होतं. कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी पोचला होता. समितीने २३ सप्टेंबरला नाव जाहीर केलं ते किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’चं. समितीत तेरा जण, तेराही पुरुष. दोन्ही सिनेमे टोरोंटोला येऊन गेलेले, ‘लापता लेडीज’ २०२३ मध्ये आणि दुसरा २०२४ मध्ये. गंमत म्हणजे दोन्हींत छाया कदम आहेत, एकात रेल्वे फलाटावर चहाभज्यांचा ठेला चालवणारी मंजूमाई, दुसऱ्यात मुंबईची खोली सोडून रत्नागिरीकडच्या गावी परतणारी पार्वती. घरचे दोन तट पडले, आणि दोन्ही तटांत त्याच बाईंचं कौतुक चाललं होतं.

‘लापता लेडीज’ मला आवडला होता, अजूनही आवडतो. पण तो मार्चमध्ये भारतात लागून एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर आलेला होता. सप्टेंबरच्या शेवटी अमेरिकेतल्या मतदारासाठी त्याची ओळख नव्याने करून देणं भाग होतं, म्हणून नावसुद्धा ‘लॉस्ट लेडीज’ केलं. दुसऱ्या सिनेमाकडे अमेरिकन वितरक होता, टोरोंटो आणि न्यूयॉर्कचे खेळ होते, समीक्षकांची दाद होती. किंग स्ट्रीटवरच्या कुठल्याही ज्योतिष्याला विचारलं असतं तरी त्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं. पाच नामांकनांआधी अकादमी पंधरा सिनेमांची निवडयादी काढते, ‘लापता लेडीज’ तिच्यातही आला नाही. त्याच यादीत संध्या सुरी यांचा ‘संतोष’ होता, हिंदी बोलणारा, आणि तो पाठवला होता ब्रिटनने.

दादाचं म्हणणं असं की सरकारी छापाच्या संस्था आपल्याकडेच अशा वागतात. हे मला पटत नाही. २०२३ मध्ये ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ कानचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला असताना फ्रान्सने ‘द टेस्ट ऑफ थिंग्ज’ पाठवला. ‘ॲनाटॉमी’ला मग सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनासह पाच नामांकनं मिळाली, मूळ पटकथेचं ऑस्करही मिळालं, आणि फ्रान्सला त्याच्या स्वतःच्या विभागात काहीच नाही. तिथेही वर्तमानपत्रांतून झोड उठली. २०२४ मध्ये फ्रान्सच्या अंतिम विचारातल्या मोजक्या सिनेमांत आपला ‘ऑल वी इमॅजिन’सुद्धा होता, कारण निर्मितीत फ्रेंच पैसा होता. त्यांनी शेवटी ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला, त्याला १३ नामांकनं मिळाली, मग नायिकेच्या जुन्या ट्वीटवरून गदारोळ झाला आणि आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर ब्राझीलच्या ‘आय ॲम स्टिल हिअर’ला गेलं. एवढं सगळं समितीतल्या कोणालाही सप्टेंबरमध्ये दिसणं शक्य नव्हतं. म्हणून समितीला मूर्ख म्हणण्याची मला घाई नाही.

राग येतो तो कारणांचा. फेडरेशनकडून सांगण्यात आलं की समितीला ‘ऑल वी इमॅजिन’ हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. केरळच्या परिचारिका मुंबईच्या लोकलमध्ये, पाऊस, भाड्याची खोली, विकासकाच्या इमारतीमुळे बेघर होणारी रत्नागिरीची बाई. यात युरोप कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही. घर सोडून दुसऱ्या शहरात राहणाऱ्या बायकांचा तो सिनेमा आहे, आणि मी तो परक्या शहरात, कॅनेडियन प्रेक्षकांत बसून पाहिला. दादरच्या फलाटावरचा आवाज त्या अंधारात माझ्याइतका दुसऱ्या कोणाला ओळखीचा वाटला असेल असं वाटत नाही. सिनेमा संथ आहे म्हणून परदेशी, हा हिशेब मान्य केला तर मराठीत गेल्या वीस वर्षांत झालेलं निम्मं चांगलं काम परदेशी ठरेल. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ही संथ होता, व्हेनिसला दोन पारितोषिकं घेऊन आला होता, आणि २०१५ मध्ये याच फेडरेशनने तो भारतातर्फे पाठवला होता.

आणि जर्मनी बघा. २०२४ मध्ये त्यांनी मोहम्मद रसूलोफ यांचा ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ पाठवला. दिग्दर्शक इराणमधून निसटलेला, भाषा फारसी, गोष्ट तेहरानची. जर्मन निर्मितीचा एवढाच संबंध. नाव जाहीर केलं ऑगस्टमध्ये, म्हणजे टेल्युराइड आणि टोरोंटोच्या प्रत्येक खेळाच्या आधी ‘जर्मनीचा सिनेमा’ हे बिरूद त्याला लागलेलं होतं. नामांकन मिळालं. भारताचं नाव येतं तेव्हा टोरोंटोतले लाल गालिचे गुंडाळलेले असतात, पत्रकार घरी गेलेले असतात, पुढच्या चार महिन्यांच्या गप्पांचे विषय ठरून गेलेले असतात. अकादमीची मुदत साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असते हे खरं, ब्राझीलनेही सप्टेंबरमध्येच नाव दिलं होतं. पण ब्राझीलचा सिनेमा व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक घेऊन आला होता आणि वितरक आधीपासून ठरलेला होता. आपल्याला आधी नाव, मग वितरकाचा शोध, मग पैशांचा शोध असं उलट्या क्रमाने करायची सवय आहे. २००४ मध्ये संदीप सावंतांचा ‘श्वास’ गेला तेव्हा मोहिमेसाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी निघाली होती. त्यामागचं प्रेम खरं होतं, पण ते पैसे लॉस एंजेलिसमधल्या खेळांवर आणि जाहिरातींवर जायचे होते, आणि त्या बाजारात अशी वर्गणी कुठे पुरणार?

२०२५ मध्ये नीरज घायवान यांच्या ‘होमबाउंड’चं काम बरंचसं सरळ क्रमाने झालं. मेमध्ये कान, सप्टेंबरमध्ये टोरोंटो, तिथे आंतरराष्ट्रीय सिनेमांच्या प्रेक्षकपसंतीत तिसरा क्रमांक, आणि महोत्सव संपल्यावर पाच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दिग्दर्शक एन. चंद्रा यांच्या समितीने त्याचंच नाव घेतलं. डिसेंबरमध्ये पंधराच्या यादीत आला. जानेवारीत पाचांत नव्हता. दादाचा लगेच निरोप: “बघ, काही उपयोग नाही. त्यांच्या मनातच नाही.”

माझ्या मते उपयोग झाला होता. शेवटच्या पाचांत कोण येणार हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, पंधरांत येण्याची शक्यता मात्र वाढवता येते, आणि ती वाढवली गेली. पण दादाला मी हे पटवून देऊ शकत नाही, कारण तो निकालाकडे न्याय म्हणून बघतो. कुठेतरी जाणती माणसं बसली आहेत, त्यांनी आपला सिनेमा तोलला आणि कमी भरला, अशी त्याची कल्पना. इथे दरवर्षी रांगेत उभं राहून माझी ती कल्पना केव्हाच गेली. तो बाजार आहे, आणि बाजारात रागावून उपयोग नसतो.

तरीही इथल्या शहाणपणाचाही मला कंटाळा आहे. सिनेमा संपून दिवे लागतात न लागतात तोच शेजारचा माणूस मोबाइलवर टक्के बदलत असतो. त्याला विचारा की शेवटच्या प्रसंगात त्या बाईने दार का उघडलं नाही, तर तो सांगेल की सहायक अभिनेत्रीत यंदा गर्दी फार आहे. घरचे लोक निदान सिनेमावर भांडतात. हा आपला आहे की नाही, यात बाई कशी दाखवलीय, गाव खरं आहे की पर्यटकांसाठी सजवलेलं. प्रश्न कधीकधी चुकीचे असतात, पण ते सिनेमाबद्दलचे असतात. टक्केवाल्यांना सिनेमा नसला तरी चालेल, यादी असली म्हणजे झालं.

आणि त्यांच्या यादीत जे कधी येतच नाहीत त्यांच्याबद्दल तर कोणीच बोलत नाही. २०२३ मध्ये जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ टोरोंटोला होता आणि त्याला आशियाई सिनेमांसाठीचं नेटपॅक पारितोषिकही मिळालं. विदर्भातल्या एका गावातली मुलगी, बघायला येणारे पाहुणे, तेच तेच प्रश्न: नाव काय, उंची किती, शिक्षण किती. पहिल्यांदा पाहुणे बसले तेव्हा सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या-चौथ्यांदा तेच प्रश्न आले तेव्हा हसण्याचा आवाज कमी होत गेला. मी तरी ‘येणार का?’ हा प्रश्न त्या सिनेमाबद्दल कोणालाही विचारताना ऐकलं नाही, आणि त्या एका संध्याकाळी ते किती बरं वाटलं.

हा सिनेमा महाराष्ट्रात लागला मार्च २०२५ मध्ये. जिथे तो घडतो त्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या माझ्या मावशीच्या दीड वर्ष आधी तो टोरोंटोच्या लोकांनी पाहिला. ऑस्करच्या मोहिमेसाठी पुन्हा वर्गणी काढायची असं कोणी सुचवलंच, दादाने गेल्या आठवड्यात ते सुचवलं आहे, तर माझा हिस्सा मी देणार नाही असं त्याला कळवलंय. तालुक्याच्या गावांत असे सिनेमे वेळेवर लागावेत म्हणून कोणी पडदा भाड्याने घेत असेल तर देईन. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, फक्त ‘होमबाउंड’च्या निवडीवरचा कुणाचा तरी लेख पुढे पाठवलाय.