बेन किंग्जले ‘गांधी’नंतरही आहे

बेन किंग्जलेचं नाव निघालं की आपल्याकडच्या गप्पा ‘गांधी’पाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. २ ऑक्टोबर आला की त्या सिनेमाची आठवण निघते, ‘काय काम केलंय!’ असं म्हणून होतं आणि या नटाचा विषय वर्षभरासाठी मिटतो. मला हे मनापासून खटकतं. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं हा माणूस पडद्यावर काम करतोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्याचं सर्वोत्तम काम ‘गांधी’त नाही.

‘गांधी’ला कमी लेखत नाहीये. १९८२ साली तो आला तेव्हा किंग्जले रॉयल शेक्सपिअर कंपनीत मुरलेला रंगभूमीवरचा नट होता, सिनेमावाल्यांना मात्र जवळपास अनोळखी. यॉर्कशरमध्ये जन्मलेला, वडिलांचं मूळ गुजरातचं, खरं नाव कृष्णा भानजी. या नावानं इंग्लंडात काम मिळेना म्हणून त्यानं ते बदललं, हे त्यानंच सांगितलंय. दक्षिण आफ्रिकेत उतरलेल्या तरुण बॅरिस्टरपासून ७८ वर्षांच्या महात्म्यापर्यंतचा प्रवास त्यानं एकट्यानं पेलला. समोर रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा होती, डॉ. श्रीराम लागूंचे गोखले होते. (रोहिणीताईंना त्या भूमिकेसाठी बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा मानाचा सिनेपुरस्कार, मिळालं, हे आपण पुरेसं सांगत नाही.) त्याला ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं.

पण आता ‘सेक्सी बीस्ट’ बघा. सन २०००, दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर. निवृत्त होऊन स्पेनमध्ये सुखानं राहणाऱ्या एका जुन्या चोराकडे डॉन लोगन नावाचा गुंड येतो. लंडनमध्ये दरोडा घालायचाय, तू ये. तो नाही म्हणतो. एवढंच. पुढचा बराच वेळ डॉन त्या ‘नाही’ला धडका देत राहतो. शिव्या, धमक्या, मग एकदम शांतता, मग पुन्हा शिव्या. किंग्जलेची मान ताठ, हात बाजूला, डोळे समोरच्यावर रोवलेले. तो येण्याआधीच, त्याचं नुसतं नाव ऐकून बाकीच्यांचे चेहरे उतरतात, आणि तो आल्यावर कळतं की ते उगाच घाबरले नव्हते. अहिंसेचा चेहरा म्हणून साऱ्या जगानं ओळखलेल्या माणसानं हे करावं? इतकी हिंमत मी फार थोड्या नटांत पाहिली.

आणि हाच माणूस ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये (१९९३) हिशेबनीस इझाक स्टर्न होतो, तेव्हा आवाजसुद्धा चढवत नाही. सुरुवातीला शिंडलर, म्हणजे ज्यूंना नाझींपासून वाचवणारा जर्मन कारखानदार, पुढे करतो तो दारूचा पेला स्टर्न घेत नाही. पुढे, सगळं संपत आलंय असं वाटत असताना, तो स्वतःहून म्हणतो की आता घेतलेला बरा. त्या एका घोटात त्या दोघांचं सगळं नातं आहे. शिंडलर झालेला लियाम नीसन बोलत असतो आणि आपण किंग्जलेकडे बघत असतो, कारण तो ऐकतोय. खरोखर ऐकतोय! माझ्या मते ऐकणं हीच त्याची सगळ्यात मोठी ताकद.

लपलेल्या नाझींना शोधून काढणाऱ्या सायमन विझेन्थालची भूमिका त्यानं १९८९ साली टीव्हीवर केली. नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या अॅन फ्रँकचे वडील ऑटो फ्रँकही केले, २००१ मध्ये. आणि मग २०१८ साली ‘ऑपरेशन फिनाले’त चक्क ज्यूंच्या संहाराची यंत्रणा चालवणारा नाझी अधिकारी अॅडॉल्फ आइखमन! त्या संहाराच्या बळींच्या बाजूनं इतकी वर्षं उभं राहिल्यावर एखाद्यानं ती भूमिका नाकारली असती, तरी कुणी दोष दिला नसता. त्यानं घेतली, आणि त्या माणसाला राक्षस न करता एक नीटनेटका, बोलघेवडा म्हातारा केला. ते जास्त भयंकर आहे.

‘हाउस ऑफ सँड अँड फॉग’मधला (२००३) इराणी कर्नलही तसाच, चटका लावणारा. अमेरिकेत रस्त्याच्या कामावर मजुरी करायची आणि घरी परतताना सूट चढवायचा. चारचौघांतली पत राखायला.

टुकार सिनेमेही त्यानं पुष्कळ केलेत, ‘ब्लडरेन’सारखे. लोक त्यावरून नावं ठेवतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. कामावर जाणारा नट घरी बसून मोठ्या भूमिकेची वाट पाहणाऱ्यापेक्षा मला जवळचा वाटतो.

आता त्यानं ऐंशी ओलांडली आहे. २०२५ च्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’मध्ये तो इब्राहिम नावाचा निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ आहे. सिनेमा हलकाफुलका, पण त्याच्यासाठी बघा. सुरुवात मात्र ‘सेक्सी बीस्ट’पासून करा, आणि तो घरातली लहान मुलं झोपल्यावर लावा.