वाचनाची नोंदवही एका रात्रीत कशी भरावी

एमएला भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी लागली आहे आणि सरांनी सांगितलंय, ‘वाचता वाचता मनात येईल ते नोंदवहीत लिहा, अंतर्गतचे दहा गुण आहेत.’ तर मनात काय येतंय तिकडे आधी दुर्लक्ष करायला शिका. मनात येतं त्याला दहापैकी चार पडतात.

रोज थोडं थोडं लिहायच्या भानगडीत पडू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री बसा. पेनं तीन हवीत: एक निळं, एक काळं आणि एक संपत आलेलं, मधेच अडकणारं. जुलैच्या नोंदी निळ्याने, गणपतीपर्यंत काळ्याने आणि तब्येत बरी नव्हती त्या आठवड्याच्या तिसऱ्याने. मधल्या एखाद्या पानावर चहाचा ओला कप टेकवून उचलायचा. त्या गोल डागाइतका प्रामाणिक पुरावा तुम्हाला जन्मात लिहिता येणार नाही. तारखा मात्र कॅलेंडर बघून टाका. आमच्या वर्गातल्या एकीने ३१ सप्टेंबरला फार हृद्य नोंद केली होती.

पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे अवतरण आणि पृष्ठक्रमांक, उजवीकडे तुमचा प्रतिसाद. डावी बाजू ऐसपैस अक्षरात लिहिली की उजवीकडे फार काही सुचावं लागत नाही. मित्राच्या वहीतून उतरवत असाल तर त्याची आवृत्ती कोणती ते विचारून घ्या. १९६३ पासून बऱ्याच निघाल्यात. एकाने कादंबरी संपल्याच्या पुढच्या पानावरचं अवतरण दिलं होतं. सरांनी बरोबरची खूण केली.

उजवीकडे ‘अस्तित्ववाद’, ‘परात्मता’, ‘मूल्यऱ्हास’ आलटून पालटून येऊ द्या. पुण्यातल्या हॉस्टेलची पानं वाचताना हसू येतं, कबूल, पण ते लिहू नका. हसण्याला गुण नाहीत. फार तर ‘विसंगतीची जाणीव’ म्हणा.

पंचाईत एवढीच की या कादंबरीत नायकच डायरी लिहितो. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर. जे वाटलं ते, जसं वाटलं तसं. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ खंडीभर, ‘परात्मता’ एकदाही नाही. आमच्या सरांच्या हाती ही वही पडती तर तीन गुण मिळाले असते, तेही अक्षराचे. तसा तोही डिग्री न घेताच गावी परततो म्हणा. नेमाड्यांनी हे पंचविशीत लिहिलं, पुढे ज्ञानपीठही मिळालं, पण त्यांचं सबमिशन शुक्रवारी नव्हतं.

आणि हो, मनीची पानं. पांडुरंगची धाकटी बहीण, देवीच्या रोगाने जाते. तिथे ‘मृत्यूची जाणीव आणि नायकाचे एकाकीपण’ असं ठोकून चार ओळी लिहा, जमल्यास पाच. मी डावीकडे नुसता पृष्ठक्रमांक घातला होता आणि उजवी बाजू कोरी राहिली होती. तिथे लाल शाईत शेरा आला: ‘प्रतिसाद अपूर्ण.’ दोन गुण गेले.